अहवाल किती तासांत आला, तेही लिहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी पारोळ्याचा. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या महामार्गावर आमचं गाव आहे. आपल्याकडे एकच मागणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. खान्देशातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर ‘किती नमुने घेतले’ हा आकडा लिहिला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहिला जावा: नमुना घेतल्यापासून अहवाल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत किती तास गेले.

मागणी क्षुल्लक वाटेल. ती का करतोय हे समजायला २०२० सालात जावं लागेल.

२८ मार्च २०२० रोजी जळगावात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तेव्हा आमच्याकडचे स्वॅब पुण्याला, राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात होते. एप्रिलमध्ये धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण धुळ्याची ती एक प्रयोगशाळा धुळे, जळगाव, नंदुरबार आणि वर मालेगाव, एवढ्यांचा भार वाहू लागली. मालेगावात तेव्हा कोरोनाची आग लागली होती. इकडे अमळनेर आणि भुसावळ पेटले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर, धुळ्याची २० लाखांच्या वर. जळगाव ते धुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. रावेर, मुक्ताईनगर हे तालुके तर त्याच्याही पलीकडे, थेट राज्याच्या हद्दीला टेकलेले. तिथल्या माणसाच्या नाकातला नमुना आधी जळगावला, मग एरंडोल-पारोळा ओलांडून धुळ्याला जायचा. पुढे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तपासणी सुरू झाली, तोवर पहिल्या लाटेतले कितीतरी कठीण आठवडे उलटून गेले होते.

त्या प्रयोगशाळेतल्या लोकांबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. अंगात पीपीई किट, धुळ्याचा मे महिना आणि समोर न संपणाऱ्या नळ्या. माझं म्हणणं त्यांच्या कामाबद्दल नाही. नमुना त्यांच्या टेबलावर पोचण्याआधी आणि त्यांचं काम संपल्यानंतर जे घडतं, त्याबद्दल आहे.

स्वॅबचा प्रवास कसा होतो ते जवळून पाहू. नाकातून आत, घशाच्या वरच्या भागापर्यंत कांडी घालतात, फिरवतात, काढतात आणि गुलाबी द्रवाच्या नळीत मोडून टाकतात. नळीवर नाव आणि क्रमांक. नळी पिशवीत, पिशवी डब्यात, डब्यात बर्फाच्या पिशव्या; दोन ते आठ अंशांच्या मधे ती राहिली पाहिजे. सोबत एक फॉर्म: नाव, वय, पत्ता, मोबाइल, लक्षणं, संपर्क. प्रयोगशाळेत नमुन्यातून विषाणूचं आरएनए वेगळं काढतात, त्याचं डीएनएत रूपांतर करून यंत्रात त्याच्या प्रती वाढवत नेतात. विषाणू असेल तर आलेख वर चढतो. हे सगळं मिळून काही तासांचं काम. एक पाळी पुरते.

मग दिवस कुठे गेले? नमुने साठून गाडी निघेपर्यंत थांबण्यात गेले. फॉर्मवरचं नाव आणि नळीवरचं नाव जुळत नाही म्हणून थांबण्यात गेले. पोर्टलवर नोंद करण्यात गेले. अहवाल तयार झाल्यावर यादी महाविद्यालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून आरोग्य केंद्राला आणि तिथून आशाताईंच्या फोनवर येईपर्यंत गेले. यंत्राने घेतलेला वेळ त्यात सगळ्यात कमी होता. आणि या वाटेवर नमुन्याचे मालक बदलत होते, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा शल्यचिकित्सक आपल्या खात्याचे, महाविद्यालयाची प्रयोगशाळा वैद्यकीय शिक्षण खात्याची आणि शहरातला रुग्ण महापालिकेचा, म्हणजे नगरविकासाचा. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपापलं काम करत होता. पण पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत किती वेळ गेला याला जबाबदार कोण, तर कुणीच नाही. तो वेळ कुणी मोजतच नव्हतं.

आमच्या गल्लीत एक आप्पा होते. कापूस, थोडी केळी, दोन म्हशी. जूनमध्ये पेरणीच्या घाईत ताप आला, तो अंगावर काढला. दम लागायला लागला तेव्हा मुलांनी नेलं. स्वॅब घेतला आणि संशयितांच्या वॉर्डात ठेवलं. घरात अहोरात्र एकच प्रश्न, ‘रिपोर्ट उना का?’ फोन कुणाचाच येत नव्हता. आप्पा तिथेच गेले. संशयित म्हणून देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात नेला. अंघोळ घालता आली नाही, तोंडात पाणी घालता आलं नाही. दहाव्याच्या आसपास सुरतेहून पुतण्याचा फोन आला. फॉर्मवर नंबर त्याचा लिहिला गेला होता, कारण दवाखान्यात नेताना तोच फोनवर बोलत होता. संदेश त्याच्या मोबाइलवर आला होता: निगेटिव्ह.

मी विज्ञानाचा मास्तर; त्यांना समजावलं. स्वॅब उशिरा घेतला तर विषाणू नाकातून खाली फुप्फुसात उतरलेला असतो, नमुना नीट आला नाही तरी चाचणी चुकते, निगेटिव्ह म्हणजे आजार नव्हताच असं नाही. त्यांच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, मग घेतला कशाला?” त्यानंतर आमच्या गल्लीतून कुणी आपणहून स्वॅब द्यायला गेलं नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा मी ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार फिरलो. ज्या घरात खोकल्याचा आवाज दारापर्यंत येत होता, त्या घरातली माय मला सांगायची, कुणाला काही नाही. ती खोटारडी नव्हती. तपासणीला गेलेला माणूस परत येत नाही एवढंच तिने पाहिलं होतं.

माती परीक्षणाचा अहवाल पेरणी झाल्यावर हातात आला, तर शेतकरी त्याचं काय करणार? तो कागद कितीही अचूक असो.

त्याच जूनमध्ये जळगावच्या जिल्हा रुग्णालयात जे घडलं ते सगळ्या देशाने वाचलं. भुसावळच्या ८२ वर्षांच्या आजी, कोरोनाबाधित. २ जूनपासून वॉर्डात सापडेनात. १० जून २०२० रोजी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात त्यांचा मृतदेह मिळाला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केलं गेलं. मला त्यात एक गोष्ट सतत टोचते. त्या आजींचा अहवाल होता, पॉझिटिव्ह म्हणून नोंद होती, त्या जिल्ह्याच्या आकड्यात मोजल्या गेल्या होत्या. आकड्यात होत्या आणि कॉटवर नव्हत्या. अहवाल माणसापर्यंत पोचतो की नाही हे पाहायची सवयच नसलेल्या व्यवस्थेत, माणूस कुठे आहे हे तरी कोण पाहणार?

त्या दिवसांत जळगावचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर गेला होता. देशाचा तीन टक्क्यांच्या आत होता. वर्तमानपत्रांत ‘जळगाव देशात सर्वाधिक’ असे मथळे आले. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आम्हाला फोन करून विचारत, तुमच्याकडचा विषाणू वेगळा आहे का? विषाणू तोच होता. मृत्युदर म्हणजे भागाकार. वर मृत्यू, खाली सापडलेले रुग्ण. मृत्यू लपत नव्हते. सौम्य आजाराचे रुग्ण मात्र सापडतच नव्हते, कारण तपासणी व्हायची ती बहुतेक दम लागलेल्यांची किंवा बाधिताच्या संपर्कातल्यांची. खालची संख्या लहान राहिली की दर फुगतो. याचा अर्थ जळगावात सगळं आलबेल होतं असा मुळीच नाही. लोक उशिरा येत होते, आल्यावर अहवालाची वाट पाहत होते, खाटा आणि डॉक्टर कमी होते. पण त्या दहा टक्क्यांत विषाणूची ताकद किती आणि आपल्या तपासणीची उणीव किती, हे कुणी उलगडून सांगितलं नाही. त्यामुळे भीती वाढली आणि भीतीने माणसं तपासणीपासून आणखी दूर गेली.

हे उलगडून सांगायला लागणारी माहिती मात्र आपल्या हाताशी होती, आणि ती खुद्द जळगावच्या रक्तातून आलेली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर प्रतिपिंडांचं सर्वेक्षण केलं, त्यासाठी महाराष्ट्रातले सहा जिल्हे निवडले: बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव. पहिली फेरी मे ते जूनच्या सुरुवातीला झाली. प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी चाळीसेक घरं, घरटी एक प्रौढ. दंडातून थोडं रक्त घेतलं आणि ते तपासायला चेन्नईला गेलं. जळगावात ३९६ जणांपैकी दोघांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. अर्धा टक्का. सहा जिल्ह्यांत मिळून २,३८५ पैकी २७.

आता हे दोघे काय सांगतात ते पाहा. स्वॅबची चाचणी सांगते की आज तुमच्या नाका-घशात विषाणू आहे का. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी सांगते की तो येऊन गेला का. ती संसर्गानंतर साधारण दोन आठवड्यांनी बोलायला लागते. म्हणून ती आजारी माणसाच्या उपचारासाठी नाही, गावाची परिस्थिती कळण्यासाठी आहे. आणि आजार अजून विरळ असतो तेव्हा ती फार जपून वाचावी लागते. समजा एखादी चाचणी शंभरातल्या दोन निरोगी माणसांना चुकून ‘होय’ म्हणते. मग कुणालाच संसर्ग झालेला नसतानाही चारशे जणांत आठ ‘होय’ निघतील. म्हणूनच पहिल्या फेरीत ‘होय’ आलेले नमुने दुसऱ्या संचावर पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या विषाणू संस्थेने विकसित केलेला ‘कोविड कवच’ हा एलायझा संच त्या फेरीत वापरला होता, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. तरीही दोन माणसांवरून अख्ख्या जिल्ह्याचा हिशेब मांडणं धोक्याचं. देशाचा आकडा मोठ्या नमुन्यावर उभा होता: २८,००० माणसं, ०.७३ टक्के. त्यावरून शास्त्रज्ञांनी काढलं की स्वॅबने सापडलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेला होता.

एकामागे किमान ब्याऐंशी! हा आकडा आमच्यापर्यंत कुणी पोचवला असता, तर मृत्युदराचं ते भूत अर्धं तिथेच उतरलं असतं. आणि दुसरंही कळलं असतं, की ज्याला काहीच होत नाही असा माणूस शेजारी बसलेला असू शकतो, तेव्हा तोंडावरचा रुमाल खाली घेऊ नका.

दुसरी फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. देशात दहा वर्षांवरच्या पंधरा जणांमागे एकाला संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. जळगावात हे प्रमाण चौथाईच्या आसपास निघालं. अर्धा टक्का ते चौथाई, अवघ्या तीन महिन्यांत. ४२ लाखांच्या जिल्ह्यात चौथाई म्हणजे दहा लाख माणसं. नोंदलेले रुग्ण तेव्हा एक लाखाच्याही बरेच आत होते. खरिपाची कामं, केळीच्या गाड्या, कापसाची सरकी, लग्नं, दहावे, सगळं चालू असताना तो विषाणू केवढा आमच्यातून फिरून गेला! आणि चौथाईला झाला म्हणजे तीन चतुर्थांश अजून उघडे आहेत, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं होतं. दिवाळीनंतर सगळे बेफिकीर झाले तेव्हा हे कुणी सांगत नव्हतं. २०२१ च्या मार्चमध्ये जळगावात दुसरी लाट उसळली.

धुळे या सर्वेक्षणात नव्हतं. धुळ्याची प्रयोगशाळा चार ठिकाणचे नमुने तपासत होती आणि धुळ्याच्या स्वतःच्या रक्ताची गोष्ट राष्ट्रीय यादीत नाही, हे मला आजही बरोबर वाटत नाही.

आणखी एका प्रकरणाची आठवण करून देतो, कारण तिथेही अशीच गफलत झाली. एप्रिल २०२० मध्ये चीनहून जलद अँटिबॉडी संच आले, राज्यांनी त्यांच्या निकालांबद्दल तक्रारी केल्या, आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आधी वापर थांबवला आणि २७ एप्रिलला ते परत पाठवायला सांगितले. पुढे जूनच्या मध्यात जलद अँटिजन चाचणी आली. अर्ध्या तासात निकाल. लोकांच्या लेखी अँटिबॉडी आणि अँटिजन एकच होतं, आणि कुणी फरक समजावला नाही. परिषदेच्याच कागदात लिहिलं होतं की अँटिजन चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ५० ते ८४ टक्केच पकडते, म्हणून लक्षणं असून निकाल निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर केलीच पाहिजे. बाजारपेठेत, चौकात, बसस्थानकावर तपासणीचे तंबू लागले तेव्हा ही दुसरी ओळ तंबूत कुठेही लावलेली मला दिसली नाही. खोकणारा माणूस ‘निगेटिव्ह’ ऐकून निश्चिंत घरी जायचा आणि नातवाला उचलून घ्यायचा. दुसऱ्या लाटेत तर लोकांनी स्वॅबचा नादच सोडला. थेट छातीचा सीटी स्कॅन. पारावर, फोनवर एकच भाषा: स्कोअर किती? पंचवीसपैकी नऊ, पंचवीसपैकी सतरा. हजारो रुपयांचा, किरणांचा हा मार्ग लोकांनी का धरला? स्कोअर त्याच दिवशी कळायचा म्हणून. वेळेवर मिळणाऱ्या उत्तरासाठी गरीब माणूससुद्धा कर्ज काढतो, एवढं त्यातून शिकता आलं असतं.

सरकारने मनावर घेतलं तर काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. खासगी प्रयोगशाळेत आरटीपीसीआरचा दर मार्च २०२० मध्ये ४,५०० रुपयांपर्यंत होता. राज्याने जूनमध्ये तो २,२०० वर आणला आणि टप्प्याटप्प्याने उतरवत मार्च २०२१ च्या अखेरीला ५०० वर. दर जाहीर केला, तो लावायला लावला, जास्त घेतला तर तक्रार करायची सोय दिली. रुपये असे मोजता आले, खाली आणता आले. मग तास का नाहीत?

आता आजचं. कोरोना गेला तरी पावसाळा दरवर्षी येतो आणि डेंग्यू घेऊन येतो. ताप आला की माणूस खासगी प्रयोगशाळेत कार्डावरची एनएस-१ चाचणी करून घेतो. सरकारी हिशेबात मात्र एलायझाने पक्का झालेला रुग्णच धरला जातो. शास्त्र म्हणून ते योग्यच आहे, पडताळणी हवीच. पण तो नमुना गावातून निघून, एलायझा होऊन, अहवाल परत येईपर्यंत रुग्ण बरा तरी झालेला असतो नाहीतर सलाईनवर तरी असतो. आणि अहवाल यायच्या आत जी फवारणी, जे कंटेनर सर्वेक्षण त्या गल्लीत व्हायला हवं होतं, ते राहून गेलेलं असतं. डबे तेच, फॉर्म तोच, तासांचा हिशेब आजही नाही.

म्हणून मागणी पुन्हा नीट मांडतो. नमुना घेतल्याची वेळ नळीवर आणि फॉर्मवर लिहावी. अहवाल रुग्णाला किंवा त्याच्या घरच्याला सांगितल्याची वेळ त्याच नोंदीत यावी आणि ज्याने सांगितलं त्याची सही असावी. संदेश पाठवला म्हणजे अहवाल पोचला असं धरू नये. फॉर्मवर दोन मोबाइल नंबर घ्यावेत, त्यातला एक घरात राहणाऱ्या माणसाचा. दर सोमवारी, मागच्या आठवड्यातल्या निम्म्या रुग्णांना किती तासांच्या आत उत्तर मिळालं आणि सगळ्यात उशिराचं किती तासांनी मिळालं, हे दोन आकडे आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहावेत. चारही खात्यांच्या मिळून या एका आकड्याला जिल्ह्यात एक अधिकारी जबाबदार असावा, त्याचं नाव आणि फोन त्याच फलकावर असावा. याला नवं यंत्र लागत नाही. माणसं लागतील, आणि ती कोविडपुरती कंत्राटावर घेऊन लाट ओसरल्यावर घरी पाठवली तशी नकोत. त्या मुला-मुलींनी जे हात बसवले होते ते आपण वाया घालवले.

आणि जळगावच्या ज्या दहा ठिकाणच्या लोकांनी अनोळखी माणसांपुढे बाही वर करून रक्त दिलं, त्या गावांच्या ग्रामसभेत आणि वॉर्डांत कुणीतरी जाऊन त्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष मराठीत वाचून दाखवावेत. उशीर झाला आहे, तरी. ज्यांनी रक्त दिलं त्यांना त्यातून काय निघालं हे ऐकायचा पहिला हक्क होता. पुढची साथ येईल तेव्हा आपली माणसं पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहणार आहेत, आणि त्या पुढच्या यादीत धुळ्याचंही नाव असावं.

हे पत्र मी जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवत आहे. फलकाचा प्रयोग आमच्या पारोळ्यात आधी करून पाहायचा असेल, तर नोंदी ठेवायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी येऊ. मानधन नको. रोज सकाळी दहा वाजता हजर राहू.

आपला,
पारोळ्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक